कच्चं खा, पण पोटभर खा!

हल्ली चार बायका एकत्र जमल्या की आधी मुलांच्या शाळा, मग कुणाचं लग्न जमलं ते आणि मग 'डाएट' हा विषय निघतोच. पाटोदा तालुक्याचं छोटं गाव असलं म्हणून काय झालं, मोबाइल प्रत्येकीच्या हातात आहे. २०१८ च्या सुमाराला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दिवसातून दोनदाच जेवण्याच्या पद्धतीची घरोघरी चर्चा होती. आता नवा पाहुणा आलाय, कच्चा व्हिगन आहार. म्हणजे चुलीवर काही चढवायचं नाही आणि जनावरापासून मिळणारं काही तोंडात घालायचं नाही. दूध, दही, तूप, मध, अंडी सगळं बंद. फळं, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, शेंगदाणे, तीळ, ओलं खोबरं एवढ्यावर राहायचं.

आमच्या बचत गटात हा विषय निघाला तेव्हा एका मावशींनी विचारलं, "अन् भाकरी?" भाकरीही नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग जेवायचं काय, माय?" सगळ्याजणी हसल्या. पण मैत्रिणींनो, खरा प्रश्न हाच आहे. हा आहार सुरू करणाऱ्या बायका चवीला कंटाळून सोडत नाहीत. 'आता काय खाऊ?' हा प्रश्न दिवसातून चार वेळा पुढे उभा राहतो आणि त्याचं उत्तर तयार नसतं, म्हणून सोडतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे सोडत नाहीत, अर्धपोटी राहतात.

कच्चा आहार चांगला की वाईट हा वाद मला इथे घालायचा नाही. कुणी वजनासाठी करते, कुणी साखरेसाठी, कुणाला मुक्या जनावराचं दूध काढून घेणं पटत नाही. ज्याचा त्याचा विचार. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे बायकांच्या वाट्याला आधीच भरपूर उपवास आहेत. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, हरतालिका, ऋषिपंचमी. त्यात या कच्च्या आहाराची भर आणखी एक उपवास म्हणून पडता कामा नये. करायचा तर तो पोटभर झाला पाहिजे, सोपा झाला पाहिजे आणि करणारीच्या डोक्यावरचं काम वाढवणारा नसला पाहिजे.

हे मी का म्हणते? आपल्या भागात कितीतरी बायका न ठरवताच निम्म्या व्हिगन आहेत. गोठ्यातलं शेण ती काढते, वैरण ती टाकते, धारही बऱ्याचदा तीच काढते. दूध मात्र जातं डेअरीला. घरी राहिलेलं मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना. तिच्या वाट्याला येतं ते चहापुरतं. तूप पाहुण्यांसाठी. भाजी संपली तर ती चटणी-भाकरीवर भागवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त! अशा बाईनं उद्या काकडी-टोमॅटोची ताटली पुढे घेऊन 'मी डाएट करते' म्हटलं, तर मला काळजी वाटणारच.

तसं हे खूळ काही आजचं नाही. १९२९ साली महात्मा गांधींनी साबरमती आश्रमात न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. मोड आलेले गहू आणि हरभरे, खोबरं, मनुका, पालेभाजी, लिंबू असा आहार होता. हा प्रयोग साधला तर बायकांची चुलीपुढच्या रगाड्यातून सुटका होईल, असंही त्यांना वाटत होतं. पण काही महिन्यांतच त्यांना अशक्तपणा आला, पोट बिघडलं आणि त्यांनी प्रयोग थांबवून पुन्हा शेळीचं दूध सुरू केलं. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, शरीर नाही म्हणालं तर हट्ट न करता थांबायचं. दुसरी म्हणजे, कच्च्या आहारानं बाईचं काम कमी व्हावं ही अपेक्षा.

आपल्या घरात नेमकं उलटं होतं. सासूबाईंना मऊ भात, मुलांना पोळी-भाजी, मालकांना शेतावर न्यायला भाकरी-कोरड्यास, आणि हे सगळं उरकल्यावर बाई स्वतःसाठी वेगळं चिरायला बसते. दोन स्वयंपाक! तोवर अकरा वाजलेले असतात. भूक मेलेली असते, नाहीतर इतकी भडकलेली असते की ती उभ्या उभ्या दोन घास भाकरी मोडून घेते. मग 'माझ्याच्यानं होत नाही' म्हणून स्वतःलाच बोल लावते. अहो, यात तिच्या निश्चयाचा काय दोष? दोष आहे तो रोज नव्यानं ठरवत बसण्याचा.

आपला मिसळणाचा डबाच बघा. त्यात वाट्या ठरलेल्या असतात. मोहरी कुठं, हळद कुठं, हे फोडणी देताना आपण शोधत नाही. हात बरोबर जातो. कच्च्या आहाराचंही तसंच करावं. पाच वाट्या एकदाच ठरवून टाकाव्यात. पहिली मोडांची: मूग, मटकी. दुसरी तेलबियांची: भिजवलेले शेंगदाणे, तीळ, ओलं खोबरं, चमचाभर जवस. तिसरी पाल्याची: मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात. चौथी माळव्याची: काकडी, गाजर, टोमॅटो, मुळा. पाचवी फळाची: केळ, पेरू, जे त्या दिवसांत असेल ते. ताटात या पाचही वाट्या आल्या की जेवण झालं. कोणत्या वाटीत आज काय, एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर आठवडी बाजार देतो.

रात्री झोपताना तीन कामं करायची. शेंगदाणे भिजत घालायचे, आदल्या दिवशी भिजवलेले मूग फडक्यात बांधायचे आणि उद्याचं माळवं निवडून, धुऊन, कोरडं करून ठेवायचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. सकाळी फक्त चिरायचं आणि लिंबू पिळायचं. मुख्य म्हणजे घरच्यांच्या भाजीसाठी जे आणलंय त्यातलंच आपलं काढून ठेवायचं. त्यांना मेथीची भाजी, तर आपल्याला मेथीची कोवळी पानं. त्यांना मटकीची उसळ, तर आपली मूठ फोडणीआधीच बाजूला. गाजर, टोमॅटो, कांदा तर सगळ्यांच्याच ताटात लागतो. असं केलं तर स्वयंपाक एकच राहतो, फक्त एका ताटापुरता तो मध्येच थांबतो.

यूट्यूबवरच्या पाककृती बघितल्या की वाटतं, हे श्रीमंतांचं काम. अॅव्होकॅडो, केल, बदामाचं दूध, चिया. पाटोद्याच्या बाजारात हे कुठून आणायचं? आणि आणायचं तरी कशाला? आपल्या बालाघाटच्या डोंगरात सीताफळं पिकतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दसरा-दिवाळीच्या दिवसांत पाटीभर सीताफळं येतात, तेव्हा परदेशी फळ कशाला हवं? ज्वारीच्या रानात उगवणारी पाथरी आपल्या आज्या कच्चीच भाकरीसोबत खायच्या. करडईची कोवळी पानं, घोळ, हरभऱ्याचा टहाळ, वाळकं, शेंदाडं, बोरं, हे सगळं आपण लहानपणी रानातून येता येता खाल्लंय की! तेव्हा कुणी त्याला डाएट म्हणत नव्हतं एवढंच.

ऋतूप्रमाणे गेलं की निवड आपोआप सोपी होते. हिवाळा तर या आहाराचा राजा. गाजर, मुळा, मेथी, ओला हरभरा, वाटाणा, पेरू, आवळा, बोरं, काय नाही? उन्हाळ्यात माळवं आटतं, टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा कलिंगड, खरबूज, कैरी, आंबा आणि जोडीला भिजवलेले शेंगदाणे, खजूर, खोबरं. पावसाळ्यात पालेभाजी भरपूर असते, पण तेव्हाच ती चिखलाची आणि अळ्यांची असते. त्या दिवसांत पाला शिजवूनच खाल्लेला बरा. कच्चं खायचं तर ज्याची साल काढता येते ते, काकडी, वाळूक, केळ यांवर भर द्यावा.

आता पोटभर म्हणजे किती? बहुतेकींची गाडी इथेच अडते. एक किलो काकडीत जेमतेम दीडशे कॅलरी असतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे २१३० आणि जड कष्ट करणाऱ्या बाईला सुमारे २७२० कॅलरी लागतात. हा हिशोब काकडीनं कधी भरणार? ताट मोठं दिसतं, पोट तटतं, पण अंगात काही जात नाही. म्हणून तेलबियांची वाटी आणि फळाची वाटी भरगच्च हवी. केळी दोन-तीन, खजूर चार-सहा, शेंगदाणे मूठ-दोन मुठी, खोबऱ्याचा तुकडा. 'दाण्यानं पित्त होतं', 'केळ्यानं वजन वाढतं' असं म्हणून नेमकं तेवढंच वगळायचं आणि पाला चघळत बसायचं, हा डाएट नव्हे. ही उपासमार आहे.

याच हिशोबानं एक गोष्ट स्पष्ट सांगते. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांकडे जाणाऱ्या आपल्या ऊसतोड भगिनींसाठी हा आहार नाही. पहाटे अंधारात उठून फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, राहायचं पालात, तिथे स्वच्छ पाण्याची मारामार. त्यांना हवी गरम भाकरी, घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी आणि जमलं तर दूध-अंडं. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढत्या वयाच्या मुली आणि आधीच रक्त कमी असलेल्या बायका, यांनीही पूर्ण कच्च्या आहाराच्या वाटेला जाऊ नये. आई करते म्हणून आठवीतली मुलगीही डबा सोडून सॅलड नेते असं दिसलं, तर तिथल्या तिथे थांबवा.

जर्मनीत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांची पाहणी केली होती. पंचेचाळीसच्या आतल्या साधारण ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. वजन फार उतरलं की शरीर आधी हेच काम बंद करतं. तेव्हा या आहारात पाळी पुढे गेली, केस गळायला लागले, जिना चढताना धाप लागली, हातापायांना मुंग्या आल्या, तर 'विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत' असं कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. सरळ डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा.

मुंग्यांवरून आठवलं. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. दूध सोडलं की त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावीच लागते. पालकानं, मोडांनी किंवा आणखी कशानं ते भागत नाही. लोहासाठी पाला आणि मोड खाताना त्यावर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा, पेरू घ्या. लोह चांगलं अंगी लागतं. आणि जेवणाला लागून चहा नको, तो लोह अडवतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बहिणींनी तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काही सुरूच करू नये. भाकरी-भात बंद आणि गोळी तेवढीच, यानं साखर एकदम उतरून चक्कर येते. मनानं गोळी बंद करणं हे त्याहून धोक्याचं.

'कच्चं म्हणजे निर्मळ' हाही एक गैरसमजच. आपल्या तालुक्यात सोयाबीनचं पीक भरपूर, पण सोयाबीन कच्चं भिजवून खायचं नसतं, ते बाधतं. राजमा तर मुळीच नाही, त्यात विषारी घटक असतो. तो चांगला उकळल्याशिवाय जात नाही. मोडांचंही तसंच. २०११ साली जर्मनीत मेथीच्या दूषित मोडांमुळे जी साथ आली, त्यात हजारो लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. मोड येतात त्या उबेत आणि ओलीत जंतूही वाढतात. म्हणून फडकं रोज स्वच्छ, पाणी पिण्याचंच, मोड दिवसातून दोनदा धुवायचे आणि वास आला की टाकून द्यायचे. मला विचाराल तर मोडांना पाच मिनिटं वाफ द्यावी. बुरशी आलेला, काळपट, कडू शेंगदाणा तोंडात घालूच नये. पालेभाजी वाहत्या पाण्यात तीन-चार वेळा धुवावी. प्यायला पाणी पुरत नाही अशा दिवसांत कच्च्या पाल्याचा आग्रह धरू नये.

आता येऊ या खऱ्या परीक्षेकडे. ती घरात नसते, ती असते दुसऱ्याच्या ओट्यावर! आपल्याकडे कुणाच्याही घरी जा, बसायच्या आधी चहाचं आधण चढतं. 'मी चहा सोडलाय' म्हटलं की, "आमच्या घरचा चालत नाही का काय?" असा टोमणा ठरलेला. त्यावर लांबलचक भाषण देऊ नये. "वहिनी, चहा नको, लिंबू-पाणी द्या," म्हणावं. यजमानीणबाईला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि आपलाही मान राहतो. सप्ताहाच्या पंगतीत, लग्नात वाढप्याला 'हे नको, ते नको' करत बसण्यापेक्षा घरून पोट भरून निघावं आणि पानात काकडी, कांदा, केळ घ्यावं. आणि काल्याचा प्रसाद हातावर पडला तर? मी तर म्हणेन, खुशाल घ्या. चमचाभर दह्यानं कुणाचा नेम बुडत नाही. ज्यांचा तत्त्वाचा प्रश्न आहे त्यांनी कपाळाला लावून शेजारणीला द्यावा. कुणी वाईट मानत नाही.

घरातही मोकळेपणानं बोलावं. "आत्याबाई, महिनाभर मी सकाळचं जेवण कच्चं घेणार आहे, तुमच्या जेवणात काही फरक पडणार नाही," एवढं सांगितलं तर बहुतेक सासवा समजून घेतात. न सांगता ताट वेगळं केलं की त्यांना वाटतं, सून रुसली. मालकांनाही सांगावं की बाजारातून येताना वाफ्यातली मेथी, दोन डझन केळी आणि किलोभर शेंगदाणे जास्त आणा. बाईच्या खाण्यासाठी घरात वेगळे पैसे काढायचे असतात, ही सवयच नाही आपल्याला. दवाखान्याला पैसे निघतात, मग केळ्यांना का निघू नयेत?

आणि इतकं सगळं करूनही पूर्ण कच्चं राहायलाच हवं का? माझं मत विचाराल तर नको. गाजराचा रंग आणि टोमॅटोचा लालपणा ज्या घटकांमुळे असतो, ते थोडं शिजवून, तेलाच्या थेंबासोबत जास्त चांगले अंगी लागतात. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व शिजवल्यानं कमी होतं. म्हणजे काही कच्चं, काही शिजवलेलं, अशीच निसर्गाची वाटणी दिसते. दिवसातलं एक जेवण पाच वाट्यांचं कच्चं आणि दुसरं भाकरी, डाळ, भाजीचं, एवढं जमलं तरी खूप झालं. हुरड्याच्या दिवसांत आगटीवरचा हुरडा 'भाजलेला आहे' म्हणून नाकारणारा नियम मला तरी पटत नाही!

तेव्हा मैत्रिणींनो, करायचंच असेल तर आजच पाच वाट्या ठरवा, रक्त तपासून घ्या आणि मग सुरू करा. पण ताटात काय आहे याइतकंच, ताट भरलेलं आहे का आणि ते वेळेवर पुढे आलं का, हेही बघा. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर, उरलं-सुरलं, घाईघाईत, उभ्यानं, असं खाल्लेलं अन्न कच्चं असो की शिजवलेलं, अंगी लागत नाही. या नव्या आहाराच्या निमित्तानं का होईना, बाई आपलं भरलेलं ताट घेऊन सगळ्यांच्या पंगतीत बसायला शिकली, तर मी म्हणेन, हे डाएट पावलं!